ज्याचा कुत्रा, त्यालाच ऐकू येत नाही

श्रोतेहो, शेजार म्हणजे काय असं कुणी मला विचारलं, तर मी सांगेन : दुसऱ्याच्या घरातला वास आणि दुसऱ्याच्या घरातला आवाज. जे वाड्यात राहिले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. कुणाकडे सुकट भाजली आहे, कुणाकडे पुरणाचा घाट घातला आहे, हे नाकाला कळायचं. आणि कुणाच्या घरात काय बिनसलं आहे, हे कानाला. पुढं आपण वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो. दारं बंद झाली, दारांना लॅच लागली, पण वास आणि आवाज काही बंद झाले नाहीत. पूर्वी ते अंगणातून यायचे, आता डक्टमधून येतात, एवढाच फरक.

या आवाजांची आपण मनातल्या मनात वाटणी केलेली असते. आपल्या घरचा पहाटेचा मिक्सर म्हणजे संसार, आणि वरच्यांचा मिक्सर म्हणजे त्रास. आपल्याकडचं ड्रिल म्हणजे काम, समोरच्यांचं ड्रिल म्हणजे गोंगाट. आरती, अजान, वरात आणि डीजे यांबद्दल कोण काय बोलणार, हे तर बोलण्याआधी आडनावावरूनच ओळखता येतं. पण या सगळ्या यादीत एक आवाज असा आहे की ज्यानं माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत दोन घरांचं तरी बोलणं बंद पाडलं आहे. तो म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

माझ्याच इमारतीतली हकिगत सांगतो. नावं सांगत नाही, कारण ही माणसं तुमच्याही इमारतीत आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे. रात्री त्यांना झोप नाही. दुपारचं जेवण, औषध झालं की दीड-दोन तास डोळा लागतो. त्या दीड-दोन तासांत अण्णाही जरा आडवे होतात. चोवीस तासांतली त्या घराची विश्रांती म्हणतात ती एवढीच.

त्यांच्या बरोबर वर, चौथ्या मजल्यावर, एक तरुण जोडपं आहे. दोघंही संगणकाच्या कंपनीत. सकाळी नऊला बाहेर पडतात, संध्याकाळी सात-साडेसातला परततात. त्यांच्याकडे ब्रूनो नावाचा लॅब्रेडोर कुत्रा आहे. अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब.

अण्णांनी एकदा जिन्यात त्यांना थांबवून सांगितलं, "तुमचा कुत्रा दुपारभर भुंकतो. जरा बघा." मुलगी म्हणाली, "नाही हो काका, आमचा ब्रूनो भुंकतच नाही. तो तर दिवसभर झोपलेला असतो." अण्णांना वाटलं, ही पोरगी तोंडावर खोटं बोलते आहे. पोरीला वाटलं, या म्हाताऱ्यांना कुत्राच नको आहे, भुंकण्याचं नुसतं निमित्त. आठ दिवसांनी अण्णांनी सोसायटीला लेखी तक्रार दिली. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली. सूचनेच्या शेजारी, बिनसहीचा, "लिफ्टमध्ये कुत्र्यांना सक्त मनाई" असा कागद कुणीतरी चिकटवला. त्यावर चौथ्या मजल्यावरून वकिलाची नोटीस आली. दोन महिन्यांत एवढा मजकूर लिहिला गेला, पण त्या दोन महिन्यांत कुणी कुणाच्या दाराची बेल वाजवली नाही. मधे फक्त तेरा पायऱ्या होत्या.

श्रोतेहो, या भांडणाची खरी गोम इथं आहे. दोघंही खरं बोलत होते. कुत्रा भुंकत होता तो मालक घरात नसताना. मालकाच्या पावलांचा आवाज लिफ्टपाशी आला की तो गप्प. दार उघडलं की शेपटी हलवत उभा. म्हणजे अख्ख्या इमारतीत ब्रूनोचं भुंकणं ज्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, अशी दोनच माणसं होती, आणि ती त्याचे मालक होते. ज्याचा कुत्रा, त्यालाच ऐकू येत नाही. एरवी भांडणात एक खरा असतो आणि एक खोटा. त्याचा निवाडा करता येतो. दोन खरी माणसं एकमेकांना खोटं ठरवायला लागली, की ते भांडण वाढतच जातं.

आता कुत्रा भुंकतो का? आमच्या लहानपणी गावात हा प्रश्न पडत नसे. कुत्रा एका घराचा नव्हताच, तो गल्लीचा होता. त्याला भाकरीचा तुकडा पाच घरांतून मिळायचा आणि दगड सहाव्या घरातून. रात्री तो भुंकला की म्हातारी माणसं अंथरुणातूनच सांगायची, "कुणीतरी परकं आलंय" किंवा "दुसऱ्या आळीचं कुत्रं शिरलंय." तो कधी एकटा नसे. चार भिंतींत कोंडलेला तर नसेच.

आपल्या भाषेनं कुत्र्याच्या आवाजाला शब्द तरी किती दिले आहेत बघा. भुंकणं, गुरगुरणं, केकाटणं, विव्हळणं, कुंईकुंई करणं, हेल काढून रडणं. शब्द उगाच तयार होत नाहीत. कानाला फरक कळला, तेव्हाच जिभेवर शब्द आला. हंगेरीत बुडापेस्ट इथल्या संशोधकांनी २००५ साली हेच तपासून पाहिलं. त्यांनी वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलेलं भुंकणं माणसांना ऐकवलं. अनोळखी माणूस दाराशी आल्यावरचं, खेळतानाचं, एकट्याला झाडाला बांधून ठेवल्यावरचं. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता, अशा माणसांनाही हा राग आहे, हा खेळ आहे, हे एकटेपण आहे, असा फरक बऱ्यापैकी ओळखता आला. लांडगा हा कुत्र्याचा पूर्वज; पण मोठे झालेले लांडगे क्वचितच भुंकतात. एवढं भुंकायला कुत्रा शिकला तो माणसाच्या संगतीत. म्हणजे हा आवाज मुळात आपल्यासाठी आहे. आणि दहा तास बंद घरात असलेला कुत्रा दुपारी जे भुंकतो, त्याचा अर्थ "चोर आला" असा नसतो. त्याचा अर्थ "कुणी आहे का?" असा असतो.

गंमत अशी, की त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे अण्णाही छताकडे बघून मनात हेच विचारत होते.

असो. प्रकरण सर्वसाधारण सभेत आलं. कुत्रे पाळायला बंदी घालावी, असा ठराव मांडला गेला. चर्चा तापली. आणि मागच्या खुर्चीवरून एक जण अर्धवट हसत म्हणाला, "एवढं कशाला? बिस्किटात काहीतरी घालून द्या, विषय संपला." दोघं-तिघं हसले. बाकीचे खाली बघत राहिले. त्याला कुणी "गप्प बस" म्हटलं नाही. चौथ्या मजल्यावरची ती मुलगी दाराशी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. एका आवाजाच्या त्रासातून आपण विषापर्यंत किती सहज येऊन पोचलो, हे मला त्या क्षणी दिसलं. मी बोलायला उभा राहिलो, तर शेजारच्या खुर्चीवरचे एक सद्गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले, "बोला भाई, तुम्ही तर आमच्याच बाजूचे. तुमच्यात कुत्रा चालतच नाही ना!"

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. या दोन्ही गोष्टींमुळे मी कुणाच्या तरी बाजूचा असणार, हे लोक परस्परच ठरवून टाकतात, याची मला सवय आहे. पण त्या दिवशी उत्तर द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, आमच्यात कुत्र्याची लाळ अपवित्र मानतात, हे खरं. नमाजाच्या कपड्यांना त्याचं तोंड लागू नये म्हणून आम्ही जपतो. पण राखणीला, गुरांमागं, शिकारीला कुत्रा ठेवायला आमच्याकडे मोकळीक आहे. कुराणात गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा आहे. त्यात त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. तहानेनं चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला कुणी आपल्या मोज्यात विहिरीचं पाणी भरून पाजलं आणि तेवढ्यावर अल्लानं त्याचे गुन्हे माफ केले, ही गोष्ट तर आमच्याकडे पोराटोरांना सांगतात. आणि तुमच्याकडे? पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तुमचे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. खंडोबाबरोबर कुत्रा. धर्मराज तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार झाला नाही. तेव्हा या भांडणात धर्म आणू नका. शेजाऱ्याला आपला त्रास होऊ नये, हे माझ्याही धर्मात आहे आणि तुमच्याही. आणि अण्णांच्या घरात आजारी माणसाला झोप मिळत नाही, ही तक्रार धर्माची नाही, झोपेची आहे. ती जर मी केली असती, तर तुम्ही ती झोपेची मानली असती की माझ्या जातीची, एवढं मात्र घरी जाऊन विचारा.

सभा थोडा वेळ गप्प झाली. मग एकानं कायद्याचा कागद काढला. दुसऱ्यानंही काढला. हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये आपल्या बाजूचा कायदा असतो. म्हणून दोन्ही बाजूंचा एकत्र सांगतो. भारतीय पशुकल्याण मंडळानं फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, की सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. भुंकणं हे त्यासाठी कारण होत नाही. पण त्याच सूचना मालकांना हेही सांगतात, की सतत भुंकण्यानं शेजाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा कुत्रा शांत राहील याची, विशेषतः रात्री, काळजी घ्या. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा सांगतात. मोठ्या कुत्र्याचं जवळून भुंकणं सहज ऐंशीच्या वर जातं. पण डेसिबल मोजून कुत्र्यावर खटला कोण भरणार? आणि आजारी बाईची झोप दुपारची असेल, तर रात्रीच्या नियमाचा तिला काय उपयोग?

बिस्किटाची भाषा करणाऱ्यालाही एक कलम आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमाखाली जनावराला विष घालून मारलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि एक कलम मालकांनी वाचावं असं आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा म्हणतो, की नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, तर तीही क्रूरताच. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या कायद्याला कळलं होतं, की कुत्र्याला खाऊ-पिऊ घालणं म्हणजे कुत्रा पाळणं नव्हे.

कायद्यानं दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवलं आणि भांडण होतं तिथंच राहिलं. शेवटी कामाला आली ती अण्णांची जुनी सवय. कंडक्टरला वे-बिल भरण्याची सवय असते. कुठल्या थांब्यावर किती वाजता, किती तिकिटं. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तक्रार लिहू नका, वे-बिल लिहा." त्यांनी दहा दिवस वहीत नोंदी केल्या. किती वाजता भुंकायला लागला, किती वाजता थांबला. शेरा नाही, शिवी नाही. सोबत दोन दुपारी फोनवर आवाजही ध्वनिमुद्रित केला. मग एका रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या तेरा पायऱ्या चढून वर गेलो. चहा झाला. अण्णांनी वही पुढं केली आणि फोन लावला.

आपल्या कुत्र्याचा तो आवाज त्या मुलीनं पहिल्यांदाच ऐकला. शेवटी शेवटी तो भुंकत नव्हता, हेल काढून रडत होता. ती फोन बंद करा म्हणाली आणि आत निघून गेली. नवरा बराच वेळ वही चाळत बसला. "काका, हे रोजचं आहे?" एवढंच त्यानं विचारलं.

वहीत उत्तरही होतं. सकाळी अकराच्या सुमाराला कुरिअरवाले बेल वाजवायचे, तिथून पहिली फेरी. बारा-साडेबाराला शाळेच्या रिक्षा यायच्या. गॅलरीचं दार उघडं ठेवलेलं असे, तिथून कुत्र्याला खालची रिक्षा आणि खालची कुत्री दिसायची, तिथून दुसरी फेरी. आणि दीडनंतर काहीच कारण नसताना, तिसरी. पहिल्या दोन्ही बंद करणं सोपं होतं. पार्सलं वॉचमनकडे ठेवायची ठरलं. गॅलरीचं दार लावून कुत्र्याला मागच्या खोलीत ठेवायला लागले. सकाळी दहा मिनिटं खाली नेऊन आणायचे, त्याऐवजी नवरा पाऊण तास फिरवू लागला. दमलेला कुत्रा झोपतो, हे साधं शास्त्र आहे. तिसरी फेरी एकटेपणाची होती. त्यासाठी पहिल्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा दुपारी एकला वर जाऊन त्याला अर्धा तास खाली नेऊ लागला. त्याचे त्याला पैसे मिळतात. आणि अण्णांनीही आपल्या बाजूनं एक गोष्ट केली. पत्नीचा पलंग वरच्या गॅलरीखालच्या खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत नेला.

सगळं आलबेल झालं, असं मी सांगणार नाही. कॉलेजच्या परीक्षा असल्या की दुपारची फेरी चुकते आणि ब्रूनो भुंकतो. अण्णा अजूनही वही ठेवतात. पण वकिलाची नोटीस मागं घेतली गेली. आता भुंकणं सुरू झालं, की अण्णा सेक्रेटरींना नव्हे, त्या मुलीला फोन करतात. वहिनींची दुपार बरीचशी त्यांना परत मिळाली आहे.

घरातल्या कुत्र्याचं एक वेळ निभावतं. खालच्या, बेवारशी म्हणवणाऱ्या कुत्र्यांचं काय? एक जण त्यांना पार्किंगमध्ये बिस्किटं घालतो, दुसऱ्याच्या मुलाला रात्री क्लासहून येताना भीती वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. कुत्रा चावणं ही गंमत नाही, रेबीज झाला की माणूस वाचत नाही. हे भांडण आजचं मात्र नाही. १८३२च्या जून महिन्यात इंग्रज सरकारनं मुंबईतली मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले. इतर समाजांचे लोकही त्यांना मिळाले. बाजार बंद झाले आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडवली गेली. इतिहासात त्या दंगलीला कुत्र्यांचं नाव आहे. पुढं २००१च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लस हा मार्ग ठरवला. २०२३च्या नियमांनी सोसायट्यांना सांगितलं, की खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवून द्या, मुलांच्या खेळण्याची जागा, जिना आणि येण्याजाण्याची वाट सोडून. सर्वोच्च न्यायालयाचे २०२५मधले आदेश तर आपण सगळ्यांनी वाचले. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असं सांगितलं. २२ ऑगस्टला त्यात बदल करून, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची नसबंदी-लसीनंतर मूळ जागी सोडा, पण रस्त्यात कुठंही खाऊ घालू नका, ठरल्या जागीच घाला, असं म्हटलं. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं.

आमच्या इमारतीत आम्ही एवढंच केलं. पार्किंगमधलं खाणं बंद करून पाण्याच्या टाकीमागं, कंपाउंडच्या कडेला, रात्री आठ वाजता ठेवायला लागलो. खाऊ घालणाऱ्या बाईंनीच महापालिकेच्या गाडीला फोन करून चारही कुत्र्यांची नसबंदी करून घेतली. पूर्वी मध्यरात्री बिस्किटांवरून जी लढाई व्हायची, ती थांबली. मुलाचा बाप आणि कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या बाई अजून एकमेकांकडे बघून हसत नाहीत. पण जागा आणि वेळ दोघांनाही मान्य आहे. शेजारधर्म म्हणजे प्रेम नव्हे. तेवढं असलं तरी पुष्कळ.

श्रोतेहो, तुमच्या डोक्यावर किंवा पायाखाली असा एखादा कुत्रा असेल, तर माझं एक ऐका. रात्री दोन वाजता वर जाऊ नका. त्या वेळी माणूस सांगायला जात नाही, भांडायलाच जातो. सकाळी जा, आणि कागद न घेता जा. "तुमचा कुत्रा त्रास देतो" म्हणण्याऐवजी "तुम्ही नसता तेव्हा तो रडतो" असं सांगा. आणि तुमच्या घरी कुत्रा असेल, तर शेजाऱ्याची तक्रार आल्यावर "आमचा भुंकतच नाही" हे वाक्य गिळून टाका. तुम्हाला ते ठाऊक असण्याचा काही मार्गच नाही. त्याऐवजी विचारा, "किती वाजता?" एवढा एक प्रश्न विचारला, की शेजाऱ्याला कळतं, आपलं कुणीतरी ऐकलं. पुष्कळदा त्याला तेवढंच हवं असतं.